मासा धरणाचा की नदीचा?

पुण्यात मासे घ्यायला गेलं की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "धरणाचा आहे ना? नदीचा नको." विकणाराही तितक्याच सवयीनं सांगतो, "धरणाचाच आहे ताई, भिगवणचा." तेवढ्यावर समाधान होतं, मासा तोलला जातो, खवले उडायला लागतात. मीही कित्येक वर्षं हेच विचारत आले. मग एकदा जिल्ह्याचा नकाशा पुढ्यात घेऊन बसले, पाण्याबरोबर बोट खाली खाली नेत गेले आणि या प्रश्नातच काहीतरी चुकतंय हे ध्यानात आलं.

भिगवण आहे उजनी धरणाच्या फुगवट्यावर. आणि उजनी पुण्याच्या वर नाही, खाली आहे. खडकवासल्याचं पाणी आपण पितो, वापरतो आणि मुठेत सोडतो. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, संगमावर मुळा आणि मुठा एक होतात. मग बंडगार्डन, मुंढवा, मांजरी, थेऊर करत मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत शिरते. देहू-आळंदीहून येणारी इंद्रायणी त्याआधीच तुळापूरला भीमेत मिसळलेली असते. हे सगळं पाणी दौंडवरून पुढे जाऊन उजनीत थांबतं. म्हणजे भिगवणचा धरणाचा मासा हाही नदीचाच मासा. नदी तिथं थबकलेली आहे, इतकंच.

यावरून भिगवणचा मासा विषारी ठरत नाही. पाणी वाहताना त्यातली बरीच घाण जिवाणू खातात, काही गाळाबरोबर तळाशी बसते, पावसाळ्यात डोंगरातलं स्वच्छ पाणी येऊन मिसळतं. पण "धरणाचा की नदीचा" विचारून माशाच्या अंगात काय आहे ते कळत नाही. ते कळायला पाणी कुठल्या जमिनीवरून आलं, त्या जमिनीवर काय पिकतं, काय बांधलं जातं, आणि मासा कुठल्या जातीचा नि किती वयाचा, हे बघावं लागतं. जगभर मासे तपासणारे आणि शेतजमिनीचे नकाशे करणारे संशोधक आता एकमेकांची आकडेवारी मागून घेतात, ते यासाठीच.

आधी एक गोंधळ दूर करते. पावसाळ्याच्या तोंडावर नदीत मेलेल्या माशांचा खच पडतो, फोटो फिरतात, आणि कुणीतरी विष सोडलं असं आपण धरून चालतो. कधी तसं असतंही. पण पुष्कळदा ते मासे गुदमरून मेलेले असतात. उन्हाळाभर तळाशी साचलेला गाळ पहिल्या जोरदार पावसानं ढवळला जातो, नाल्यांत तुंबलेलं सगळं एकदम नदीत येतं, जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. चांगल्या नदीत एका लिटर पाण्यात सहा ते आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. तो दोन-तीनवर आला की बहुतेक मासे तोंड वर काढून धापा टाकायला लागतात. हे पहाटे जास्त दिसतं, कारण शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं आणि रात्री स्वतःच तो वापरतं. अशा पाण्यात चिलापी तग धरते. आफ्रिकन मांगूर तर थेट हवेतून श्वास घेतो. त्याच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे, तरी तो नदीत आहेच. म्हणून "नदीत मासे आहेत, म्हणजे नदी ठीक आहे" हे खरं नव्हे. कुठले मासे उरलेत ते बघायला हवं.

दुसरा प्रकार अगदी उलटा. त्यात मासा मरत नाही. तो धडधाकट दिसतो, ताजा असतो, कल्ले लालबुंद असतात, आणि तरीही अंगात काहीतरी साठवत असतो. नाकाला वास येत नाही, जिभेला चव लागत नाही.

पाऱ्याचं उदाहरण घेऊ, कारण ते सगळ्यात नीट समजलेलं आहे. दगडी कोळसा जळतो तेव्हा त्यातला पारा हवेत जातो आणि पावसाबरोबर खाली येतो. फुटलेल्या ट्यूबलाइट आणि जुने थर्मामीटर कचऱ्यातून त्यात भर घालतात. पाण्यात तो इतका कमी असतो की पाणी पिऊन काही होणार नाही. पण तळाच्या काळ्या, ऑक्सिजन नसलेल्या चिखलात काही जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. हे रूप शरीरात सहज शिरतं आणि सहजी बाहेर पडत नाही. शेवाळात ते थोडं जातं. पाण्यातले डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे शेवाळ खातात, किड्यांना बारकी मासळी खाते, बारक्या मासळीला मरळ खाते. प्रत्येक पायरीवर अन्न पचून जातं आणि पारा मागे राहतो. भिशीत सगळे थोडं थोडं घालतात आणि रक्कम एकाच्या हातात पडते. इथं ती दर वेळी मरळच उचलते. मोठ्या शिकारी माशाच्या मांसातलं प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या दहा लाख पटींपर्यंत, कधी त्याहूनही वर जातं. जपानमध्ये मिनामाताच्या खाडीत हेच घडलं. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत गेला, आधी मांजरं झटके येऊन मेली, मग १९५६ मध्ये माणसांतला आजार अधिकृतपणे नोंदला गेला. सगळ्यात वाईट हे की काही आयांना फारसा त्रास नव्हता, पण पोटातल्या बाळांच्या मेंदूला मात्र कायमची इजा झाली.

इथं एक फरक लक्षात ठेवायला हवा, तो बातम्यांत नेहमी पुसला जातो. "माशांत जड धातू सापडले" असं छापून येतं तेव्हा सगळे धातू एकाच दावणीला बांधलेले असतात. साखळीत वर वर वाढत जाणारा धातू मुख्यतः पाराच, आणि तो मांसात बसतो. शिसं आणि कॅडमियम तसे चढत नाहीत. शिसं हाडांत आणि कल्ल्यांत, कॅडमियम काळजात, म्हणजे यकृतात, आणि मूत्रपिंडात साठतं. मासा साफ करताना आपण जे काढून टाकतो त्यातच त्यांचा मोठा भाग निघून जातो. डीडीटीसारखी जुनी कीटकनाशकं चरबीत मुरतात. नॉनस्टिक लेपासाठी आणि आग विझवण्याच्या फेसासाठी वापरलेली, निसर्गात जवळजवळ न मोडणारी फ्लोरीनयुक्त रसायनं रक्तात आणि काळजात बसतात. म्हणून अहवाल वाचताना पहिला प्रश्न हा: तपासलं काय, मांस की काळीज? काळजातला आकडा मांसाचा म्हणून वाचला तर घबराट होते. उलट केलं तर खोटा दिलासा मिळतो.

आणि शिजवल्यानं पारा जात नाही. तळताना माशातलं पाणी उडतं, पारा तितकाच राहतो, म्हणजे वजनाच्या मानानं तो किंचित वाढतोच. चरबीतली रसायनं मात्र कातडी आणि पोटाकडची चरबी काढली तर कमी होतात.

मग खायचं किती? जागतिक तज्ज्ञ समितीनं २००३ मध्ये मिथाइल मर्क्युरीची आठवड्याची मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनाला १.६ मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. साठ किलोच्या बाईसाठी हे आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम झाले. साधारण माशांसाठी बऱ्याच ठिकाणी धरली जाते ती मर्यादा किलोला ०.५ मिलिग्रॅमची, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम. नेमका इतका पारा असलेला मासा तिनं घेतला तर १९० ग्रॅममध्ये आठवड्याचा वाटा संपला. त्याच्या दशांश पारा असलेला मासा असेल तर एक किलो नऊशे ग्रॅम खाल्ला तरी चालेल. दोन्ही मासे कायद्यानं "मर्यादेत" आहेत! मर्यादा पाळली की नाही यापेक्षा आकडा किती, हे विचारायला मी या हिशेबानंतर शिकले.

हा आकडा काढतात कसा, ते एका प्रयोगशाळेत जवळून पाहायला मिळालं. संशोधन करणारी मुलगी मासा आधी फळीवर ठेवून मोजते, तोलते. मग पाठीजवळचा एक खवला उपटून काचेवर घेते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरची वलयं मोजते. झाडाच्या खोडासारखंच, वलयांवरून वय कळतं. वय कशाला, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, "अहो, पाच वर्षं साठवलेलं आणि सहा महिने साठवलेलं एका रांगेत कसं ठेवणार?" पाठीच्या पराखालचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापून ती तो तीव्र नायट्रिक आम्लात गरम करते. तपकिरी वाफा निघतात, तुकडा विरघळतो, पाण्यासारखा स्वच्छ द्राव उरतो. तो हजारो अंश तापलेल्या आरगॉन वायूच्या ज्योतीतून जातो आणि यंत्र अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजतं. प्रत्येक खेपेला एक नळी रिकामीच लावतात, फक्त आम्लाची, कारण आम्लातच किंवा नळीच्या काचेतच शिसं असलं तर त्याचा दोष माशावर यायला नको. आणखी एका नळीत आधीच प्रमाण माहीत असलेलं, प्रमाणित माशाचं चूर्ण असतं. यंत्रानं त्याचा आकडा बरोबर सांगितला, तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. या दोन नळ्यांचा उल्लेख नसलेला अहवाल मी बाजूला ठेवते.

इतकं करूनही मासा एकच गोष्ट सांगतो: अंगात काय आहे. ते आलं कुठून, हे त्याच्याकडून कळत नाही. त्यासाठी काठावर चढून जमिनीकडे बघावं लागतं.

पुण्याभोवतीची जमीन किती बदलली याची सगळ्यात बोलकी खूण मला एका माशाच्या नावात सापडली. विल्यम सायक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि शास्त्रीय नावांत इथल्या लोकांचेच शब्द ठेवले: खुद्री, कोलूस, मुल्या, नुक्ता. खुद्री, म्हणजे आपला महासीर, त्यानं पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत पाहिला. नाकावर शिंगासारखा उंचवटा असलेला नुक्ता त्याला मिळाला इंद्रायणीत, चाकणजवळ. त्या चाकणला आज कुणी नदीसाठी ओळखत नाही; मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखतात. आणि नुक्त्याची गणना आता संकटग्रस्त जातींत होते.

हा बदल मोजायला उपग्रह आहेत. अमेरिकेचे लँडसॅट १९७२ पासून फिरताहेत, आणि २००८ पासून त्यांची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. त्यांच्या आताच्या चित्रातला एक ठिपका ३० मीटर गुणिले ३० मीटर, म्हणजे आपल्या हिशेबात जवळपास नऊ गुंठे. युरोपच्या सेंटिनेल-२ चा ठिपका १० गुणिले १० मीटरचा, म्हणजे बरोबर एक गुंठा म्हणा ना. सातबाऱ्यावर जी जमीन गुंठ्यांत मोजली जाते, तीच आकाशातून गुंठ्यागुंठ्यानं दिसते. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं; या दोहोंच्या फरकावरून तिथं किती हिरवं आहे ते कळतं. एका चित्रानं फारसं काही कळत नाही, वर्षभराची मालिका लावली की पीक ओळखू येतं. बाजरी पावसाळ्यात उगवते, भाद्रपद-आश्विनात उतरते आणि रान उघडं पडतं. आडसाली ऊस दीड वर्ष हिरवागार राहतो, तोड झाली की एकदम सपाट, आणि खोडवा ठेवला असेल तर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा हिरवा. सिमेंट बाराही महिने एकसारखं.

चुकाही होतात, आणि त्या समजून घेण्यासारख्या आहेत. नुकताच तुटलेला ऊस पड जमिनीसारखा दिसतो. पॉलीहाउस छप्परासारखं दिसतं. आणि पुण्याच्या आसपास एक खास प्रकार आहे: मालक पेरणी थांबवतो, कुंपण घालतो, बिनशेती होण्याची वाट बघतो. सातबाऱ्यावर ती शेती, उपग्रहाला गवत, आणि खरं तर ती होऊ घातलेली इमारत. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली, त्यांतल्या अनेक रानांनी ही अवस्था बघितली आहे. म्हणून कुणीतरी मोटारसायकलवर जाऊन, बांधावर उभं राहून, "इथं गेल्या वर्षी काय होतं?" असं विचारावंच लागतं.

आता दोन्ही धागे एकत्र बांधते. प्रत्येक जमीन पाण्यात आपापलं काहीतरी सोडते. उसाच्या रानातून युरियातलं नत्र झिरपतं, तणनाशकं पाण्याबरोबर उतरतात. स्फुरद मात्र मातीच्या कणांना चिकटून धुपेबरोबर येतं, आणि स्फुरदाच्या खतात थोडं कॅडमियमही असतं. नत्र-स्फुरद पोटभर मिळालं की जलपर्णी आणि शेवाळ माजतं, ते कुजतं, तळाला ऑक्सिजन संपतो, आणि ऑक्सिजन नसलेल्या चिखलातच पाऱ्याचं ते घातक रूप तयार होतं हे वर आलंच आहे. म्हणजे खतात पारा नसला, तरी खत माशातल्या पाऱ्याला वाट करून देऊ शकतं. मला या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही कडी. नुसता मासा तपासून ती दिसत नाही, नुसता नकाशा बघूनही दिसत नाही.

शहरी जमिनीचं मिश्रण वेगळं. ब्रेकमधून तांबं, टायरमधून जस्त. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पहिल्या पावसानंतर ओढ्यांत सॅमन मासे का मरतात याचं कोडं वर्षानुवर्षं सुटत नव्हतं. २०२० मध्ये कळलं की टायर टिकावा म्हणून रबरात घातलेल्या रसायनाचं हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन बनलेलं रूप त्यांना मारतं. शिवाय आपली औषधं. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं मैला मोडण्यासाठी बांधलेली असतात, गोळ्यांतले रेणू अडवण्यासाठी नव्हे. कॅनडातल्या संशोधकांनी प्रयोगासाठी राखलेल्या एका तळ्यात २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक सोडलं, लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचाही हजारावा भाग. नरांच्या अंगात अंड्यांचं प्रथिन बनायला लागलं आणि तिथल्या बारक्या माशांची संख्या जवळजवळ शून्यावर आली. मासा कुणी मारला नव्हता. पुढची पिढीच झाली नाही.

शेत आणि शहर यांच्या मधली अवस्था, म्हणजे शेताचं शहर होण्याची ती काही वर्षं, मला जास्त काळजीची वाटतात. रामनदीच्या काठानं भूगाव-बावधनपासून पाषाणपर्यंत पावसाळ्यात चालत गेलात तर पायाखाली दिसेल. पायासाठी खणलेली माती ढिगानं पडलेली असते आणि पहिल्या सरीत ती ओढ्यात उतरते. या मातीला स्वतःची आठवण असते. जुन्या शेतकऱ्यांनी बीएचसी या कीटकनाशकाची पावडर पोत्यांनी टाकलेली आहे. शेतीत डीडीटीवर १९८९ मध्ये आणि बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली, पण ही रसायनं मातीत वर्षानुवर्षं टिकतात. रान शांत असतं तोवर ती मातीतच असतात. जेसीबीनं रान उकरलं की गाळाबरोबर चालायला लागतात.

याचा पुरावा तळ्याच्या तळाशी थराथरानं साठतो. नळी गाळात उभी खुपसून सुरळी बाहेर काढतात, तिच्या चकत्या करतात आणि प्रत्येक चकतीचं वय काढतात. गाळात नैसर्गिकरीत्या पडणारं किरणोत्सारी शिसं साधारण २२ वर्षांत निम्मं होतं. किती उरलंय त्यावरून थर कधीचा ते ठरतं. मग त्या त्या वर्षाचा उपग्रहाचा नकाशा शेजारी ठेवायचा. वरचं रान उघडं पडलं त्या वर्षीच्या थरात काय वाढलं, ते एका ओळीत वाचता येतं. उजनीत १९८० पासून गाळ बसतोय. एवढी मोठी वही फार थोड्या ठिकाणी असते.

पाणी उलटही फिरतं, नदीतून शेतात. मुंढव्याहून शहराचं प्रक्रिया केलेलं पाणी जुन्या कालव्यात सोडलं जातं आणि लोणी, उरुळी, दौंडकडच्या रानांना मिळतं. अशा पाण्याचं काय होऊ शकतं ते जपानमध्येच, जिंझू नदीच्या खोऱ्यात दिसलं: खाणीतलं कॅडमियम भातखाचरांत उतरलं, तांदळात गेलं आणि बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की आजाराचं नावच "दुखतंय, दुखतंय" अशा अर्थाचं पडलं. आपल्याला एक गोष्ट राखते, ती म्हणजे चुनखडीची काळी माती. ती अल्कधर्मी असल्यानं कॅडमियम, शिसं घट्ट धरून ठेवते, मुळांना सहजी देत नाही. आम्लधर्मी मातीत तेच पाणी जास्त नुकसान करतं. पण धरून ठेवलेला धातू नाहीसा होत नाही. धुपेच्या मातीबरोबर तो पुन्हा नदीत, आणि नदीतून उजनीत. पालेभाजी इतर पिकांपेक्षा जास्त धातू घेते, म्हणून अशा पाण्यावर पालक-मेथीपेक्षा ऊस किंवा फुलं घेणं शहाणपणाचं. हे सांगताना मला जड जातं, कारण पालेभाजीचा पैसा महिन्याभरात हातात येतो आणि उसासाठी दीड वर्ष थांबावं लागतं.

मासे मी सोडलेले नाहीत. इतकी स्वस्त, चांगली प्रथिनं दुसरीकडे मिळत नाहीत, आणि वाढत्या मुलांना ती लागतातच. पण घ्यायची रीत बदलली. मोठ्या मरळीऐवजी मध्यम रोहू किंवा चिलापी; चिलापी शेवाळावर जगते, लवकर वाढते, तिला पारा साठवायला वेळ मिळत नाही. समुद्राचं घ्यायचं तर मांदेली, तारली, बांगडा. मुशी आणि मोठी सुरमई क्वचित. सुनेला दिवस गेले तेव्हा या दोन्ही पूर्ण बंद केल्या, बाकी मासे आठवड्यातून दोनदा चालू ठेवले. कल्ले, काळीज, आतडी घरी आणतच नाही.

परवा बाजारात नेहमीच्या मावशींकडे गेले. "धरणाचाच आहे," त्या मी विचारायच्या आधीच म्हणाल्या. मी विचारलं, "भिगवणच्या कुठल्या अंगाचा? दौंडकडचा की खालच्या खोल पाण्याचा?" त्यांनी हातातली चिलापी खाली ठेवली, जरा विचार केला आणि आतल्या पोराला हाक मारली, "अरे, आज गाडी कुठल्या घाटावरनं भरली रे?"